बॉयलर बंद करणाऱ्या हेमाताई

हेमाताई निकम मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या फडणीसांच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि काहीच करत नव्हत्या. हात मांडीवर, नजर कधी छताकडे, कधी खिडकीकडे. भिंतीवरचा गॅस बॉयलर समोर होता, पण त्याचं झाकणसुद्धा त्यांनी उघडलं नव्हतं. फडणीसांच्या वैशालीवहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे 'ही कोण बाई आणलीस?' अशा नजरेनं बघत होत्या.

बाई मीच आणली होती. दोह्यातल्या एका व्हिला कंपाउंडच्या मेंटेनन्स ऑफिसात मी तेव्हा नोकरीला होतो. कुठल्या घरात काय बिघडलं ते ऐकायचं आणि त्या कामाचा माणूस पाठवायचा, एवढंच माझं काम. वर्ल्डकप अजून काही वर्षांवर होता, पण शहर सगळं उकरून ठेवलेलं. मेट्रोचे बोगदे, नवे रस्ते, स्टेडियमं. आमच्या फाटकासमोरच खोदकाम चाललेलं असायचं आणि त्याची धूळ चहाच्या कपापर्यंत पोचायची.

दोह्यात बहुतेक घरांत पाणी विजेच्या गिझरवर तापतं. आमच्या मालकाला मात्र युरोपातल्या वस्तूंचं भारी वेड. त्यानं प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात गॅसवर चालणारा बॉयलर बसवून घेतला होता. मागच्या अंगणात सिलिंडर, तिथून नळी आत, बॉयलरचा धूर पाइपातून छपरावर. हिवाळ्यात सकाळी तो पेटला की घरभर गरम पाणी. फडणीसांचा मात्र रोज सकाळी आंघोळीच्या मध्येच बंद पडायचा. दोन टेक्निशियन येऊन गेले, एकानं आतलं सर्किट बदललं, तरी तेच. मग कुणीतरी मला हेमाताईंचा नंबर दिला. दोह्याबाहेरच्या मेसईद गावातल्या एका कारखान्यात त्यांनी बॉयलर हाउस सांभाळलं होतं आणि आता एका गॅस सेफ्टीच्या कंपनीत त्या इन्स्पेक्शन इंजिनिअर होत्या. मूळच्या भुसावळच्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगानं उंच, केसांचा घट्ट अंबाडा, कमरेला बांधलेली ओढणी.

"मॅडम, गाडीतून टूल्स आणू का?" मी विचारलं.

"मॅडम नको. ताई म्हण. आणि आधी बसू तर दे."

मग त्या वहिनींकडे वळल्या. "तुम्ही रोज सकाळी जे जे करता ना, तेच करा. मी इथे नाहीच असं समजा."

"म्हणजे... पोहे करू?"

"करा की. मलासुद्धा चालतील."

वहिनींनी दारं लावली, पोहे भिजवले, नळ सोडला. बॉयलर पेटला. छान चालला होता. मग फोडणी टाकायच्या आधी त्यांनी शेगडीवरची चिमणी सुरू केली. चांगली जोरकस, घरघर आवाज करणारी चिमणी. कांदा परतून होतोय न होतोय तोच बॉयलर खट् करून विझला.

"बघा! हा मेला रोज असाच करतो," वहिनी म्हणाल्या.

"शिव्या नका देऊ त्याला," ताई उठल्या. "उदबत्ती आहे घरात?"

वहिनींनी देवघरातून उदबत्ती आणून दिली. ताईंनी ती पेटवली आणि बॉयलर पुन्हा चालू करून त्याच्या डोक्यापाशी, जिथून धुराचा पाइप सुरू होतो तिथे धरली. धूर वर पाइपात जायला हवा होता. तो मागे फिरला, ताईंच्या तोंडावरून सरकत चिमणीकडे निघाला. ताईंनी चिमणी बंद केली. धूर जागच्या जागी घुटमळला. मग त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकीच्या चारही कडांना खाकी टेप लावलेली होती. खालच्या झरोक्यावर प्लास्टिक चिकटवलेलं.

"हे कुणी केलं?"

"आम्हीच. काय करणार ताई, धुळीनं जीव नकोसा केलाय. सगळ्यांनीच लावल्यात टेपा."

ताईंनी प्लास्टिक टराटरा ओढून काढलं आणि परत उदबत्ती धरली. धुराची रेघ एकदा थरथरली आणि सरळ वर चढून पाइपात नाहीशी झाली. आम्ही तिघंही एका उदबत्तीच्या धुराकडे तोंड वर करून बघत होतो.

"जाळ म्हटला की त्याला हवा लागते," ताई म्हणाल्या. "तुम्ही घर बंद केलंत, वर ही चिमणी हवा ओढते. मग बॉयलरचा धूर वर न जाता खोलीत उतरतो. या पाइपाच्या तोंडाशी एक छोटा सेन्सर असतो. धूर उलटा फिरला की तो तापतो आणि बॉयलर बंद करतो. याचं काम हा चोख करत होता."

"आणि बंद पडला नसता तर?" वहिनींनी विचारलं.

पोह्यांची बशी हातात घेऊन ताईंनी मला विचारलं, "आधीचा टेक्निशियन काय म्हणत होता?"

मी आठवून सांगितलं. तो म्हणाला होता की सेन्सर उगाच त्रास देतो, तो काढून वायर डायरेक्ट जोडून देतो. पण फडणीसांकडे त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून वहिनींनी त्याला नंतर ये म्हणून परत पाठवलं.

"डायरेक्ट," ताई हळूच म्हणाल्या. "आणखी कुठे केलं त्यानं असं?"

मी त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो अगदी मोकळेपणानं बोलला. "हाँ सर, वो सेन्सर बार-बार ट्रिप करता है ना, तो दूसरे घरों में मैंने डायरेक्ट कर दिया. कोई कंप्लेंट नहीं आया." त्यानं तीन घरांचे नंबरही सांगितले.

ताईंनी बशी ओट्यावर ठेवली. एक घाससुद्धा घेतला नव्हता. कुणाच्याही घरात शिरताना त्या आपले जड सेफ्टी शूज दाराबाहेर जोडीनं काढून ठेवत. त्या दिवशी ते तसेच फडणीसांच्या दाराशी राहिले. ताई पायमोज्यांवर कंपाउंडच्या विटांवरून पळत सुटल्या आणि मी त्यांच्या मागे.

पहिल्या दोन घरी कुलपं होती. माणसं कामावर गेलेली. ताईंनी अंगणात जाऊन सिलिंडर बंद केले. तिसरं घर अमोल शेवाळेचं. तो नाशिकचा, वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात इंजिनिअर. तो आणि त्याची बायको दोघंही कामावर. घरी त्याची आई होती, गावाहून महिन्याभरापूर्वी आलेली. या मावशी मला माहीत होत्या. त्यांना इथं करमत नाही, सारखं डोकं दुखतं म्हणतात, खातपीत नाहीत, परत पाठवा म्हणून हट्ट धरतात, असं अमोलच मला सांगायचा. "अरे, आईला घराची आठवण येते, दुसरं काही नाही."

मावशींनी दार उघडलं तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. ताईंनी बॉयलरचं नावही काढलं नाही.

"मावशी, डोकं दुखतंय का?"

"दुखतंय बाई. उठल्यापासून घण घातल्यासारखं. इथली हवाच मानवत नाही मला."

"बाहेर बागेत बसलं की?"

"तिथं बरं वाटतं. आत आलं की परत सुरू. म्हणून तर म्हणते, मला घरी धाडा. पण कोण ऐकतंय?"

ताईंच्या हातात एक लहानसा मीटर होता. दारातच तो टीटी करायला लागला होता. मी घाबरून काही बोलणार, एवढ्यात ताईंनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मावशींच्या खांद्यावर हात ठेवून, नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "चला मावशी, बाहेर ऊन छान पडलंय. जरा बसू."

त्यांना उन्हात बाकावर बसवल्यावर मग ताई आत गेल्या. तोंडाला ओढणी लावून, श्वास धरून, बॉयलर बंद करून, सगळी दारं-खिडक्या उघडून बाहेर आल्या. वायर डायरेक्ट जोडल्यापासून तो बॉयलर एकदाही बंद पडलेला नव्हता. म्हणूनच त्या घराची पुन्हा तक्रार आली नव्हती. धुरातला तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास. मावशी दिवसभर त्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पडून असायच्या.

अॅम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात त्यांना ऑक्सिजनवर ठेवलं. रात्री अमोल मला तिथल्या व्हरांड्यात भेटला. "आई रोज सांगत होती रे," एवढंच म्हणाला. ताई शेजारीच होत्या. त्यांनी त्याला समजावलं नाही की बोल लावला नाही. "आता ऐक तिचं," म्हणाल्या. "भूक लागली म्हणतेय. जा, काहीतरी आण."

पण त्या दिवसाची खरी लढाई दुपारीच झाली होती. ताईंनी नुसती ती घरं बंद केली नाहीत, आख्ख्या कंपाउंडचे बॉयलर बंद केले. प्रत्येक घरात टेपा होत्या, प्रत्येक घरात चिमणी. जानेवारीचा महिना, रात्री चांगली थंडी. आणि संध्याकाळी स्टेडियमच्या कामावरच्या इंजिनिअरांची नवी कुटुंबं राहायला येणार होती. आमचे मॅनेजर मिस्टर फादी धावतच आले. माणूस एरवी सज्जन, पण मालकाच्या फोनला घाबरणारा.

"सगळे का बंद केले? ज्यात दोष आहे ते करा ना," ते इंग्रजीत ओरडले. "बाकीचे कालपर्यंत ठीक चालत होते!"

"कालपर्यंत कुणी बघितलं नव्हतं," ताई म्हणाल्या.

"पाहुणे येणार आहेत. त्यांना गरम पाणी नाही म्हणून काय सांगू?"

"मी सांगते त्यांना. मी थांबते फाटकापाशी."

"मी तुमच्या कंपनीकडे तक्रार करीन."

ताईंनी आपल्या साहेबांचा नंबर त्यांना लिहून दिला. मग म्हणाल्या, "मिस्टर फादी, तुम्ही रागावलात तर चालेल. तुम्हीपण इथेच राहता. तुमची मुलंपण इथेच आंघोळ करतात."

फादी पाय आपटत निघाले. जाता जाता मला म्हणाले, "त्या गेल्या की आपण चालू करून घेऊ."

मला हे मराठीत सांगायची गरज पडली नाही. ताईंनी ऐकलं होतं. त्यांनी एकेका अंगणात जाऊन प्रत्येक सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, आपल्या जुन्या पांढऱ्या जीपच्या डिकीत ठेवला आणि डिकीला कुलूप लावलं. संध्याकाळी नव्या कुटुंबांच्या गाड्या आल्या तेव्हा त्या खरंच फाटकापाशी उभ्या होत्या. प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकून, गरम पाणी का नाही ते स्वतः सांगत होत्या. कुणी आवाज चढवला नाही. त्यांच्यापुढे आवाज चढवायचं कुणाला सुचतच नसे.

पुढचे काही दिवस कंपाउंडातल्या देशी घरांतून बादलीत सोडायचे हीटरचे रॉड बाहेर निघाले. वैशालीवहिनी तर म्हणाल्या, "लग्नात आलेला रॉड आज कामी आला." फादींनी दरम्यान दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो बॅग घेऊन आला, मी त्याला झाली हकीकत सांगितली. त्यानं विचारलं, "किसने बंद किया? निकम मैडम ने?" मी हो म्हटलं. त्यानं बॅग उचलली. "तो वही खोलेंगी," म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

ताई रोज मेसईदच्या घरून यायच्या. प्रत्येक घरात दाराला जाळी बसवून घेतली, झरोके मोकळे केले, सेन्सर पुन्हा जोडले, छपरावरच्या पाइपांतून वाळूचे गोळे काढले. मग उदबत्ती. धूर सरळ चढला तरच रेग्युलेटर परत. वैशालीवहिनींनी त्यांना उदबत्तीचा पुडाच देऊन टाकला होता. शेवटी शेवटी माणसं त्यांची अशी वाट बघायची की जशी काही घरात पूजा आहे.

त्यांना सगळं लगेच कळायचं असं मात्र नाही. कोपऱ्यावरच्या एका घरातला बॉयलर अधूनमधून विझायचा. धूर सरळ, हवा मुबलक, सेन्सर ठीक. ताई येऊन बसायच्या, बघायच्या, आणि घरमालकिणीला सांगून जायच्या, "मला कळलेलं नाही. तोपर्यंत बंद राहू दे." हे वाक्य त्या इतक्या सरळपणे म्हणायच्या की आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शमालचा वारा सुटला होता. उत्तरेचा वारा, वाळू उडवणारा. मी खिडकीतून पाहिलं तर त्या कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी तोंडाला फडकं बांधून बसलेलं. ताई होत्या. मी वर गेलो. त्यांनी शेजारच्या प्लॉटकडे बोट केलं. तिथे वर्ल्डकपसाठी एक हॉटेल उभं राहत होतं, महिन्याला मजले चढत होते.

"हा वारा त्या नव्या भिंतीवर आपटतो आणि थेट या पाइपात खाली येतो," त्या वाऱ्यावर ओरडून म्हणाल्या. "मागच्या वर्षी ही भिंत नव्हती. तेव्हा बॉयलर विझत नव्हता. दोष त्याचा आतापण नाही!" डोळ्यांत वाळू गेली होती, पाणी वाहत होतं, आणि चेहरा असा उजळलेला की जणू लेकीचा पहिला नंबर आलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइपाची जागा हलवून घेतली.

त्याच हिवाळ्यात त्यांनी आम्हा काही जणांना भरिताला बोलावलं. सुट्टीला गेलेल्या दिरानं जळगावची हिरवी वांगी बॅगेतून आणली होती. मेसईदच्या पुढे, समुद्राजवळच्या वाळूत त्यांचे यजमान, शेवाळे मंडळी, फडणीस, मी. वांगी भाजायला खानदेशात कपाशीच्या काड्या लागतात. इथे त्यांनी कुठूनतरी लाकडाच्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या मिळवल्या होत्या. वांगी भाजताना त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मधेच आईचा फोन आला. "हां माय, जेवी लिधं," असं त्यांनी जेवायच्या आधीच खुशाल ठोकून दिलं, कारण आई तेच ऐकायला फोन करते म्हणे.

भरीत-पुरी खाऊन झाल्यावर वैशालीवहिनींनी तो प्रश्न विचारला. आम्हा सगळ्यांच्या मनात होता तो. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनं माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ताईंच्या जवळचं कुणीतरी असं गेलं असणार, असं कंपाउंडात सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

"ताई, विचारू का? तुम्ही याबाबतीत एवढ्या कडक... घरात कुणाचं काही झालं होतं का?"

ताईंना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्या मोकळ्या हसल्या.

"नाही हो! सगळे धडधाकट आहेत. आई ऐंशीची आहे, आत्ताच बोलले ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "वडील रेल्वेत होते, कोळशाच्या इंजिनावर. मी लहानपणी विचारायचे, तुम्हाला भीती नाही वाटत एवढ्या जाळाची? ते म्हणायचे, वाटते ना, म्हणून तर नजर हलवत नाही. बस. एवढंच शिकले मी. त्यासाठी कुणी मरायला कशाला पाहिजे?"

शेवाळे मावशी शेजारीच बसल्या होत्या. बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी परत जायचं नावच काढलं नव्हतं. त्यांनी ताईंच्या हातातली ताटली काढून घेतली आणि तीत आणखी भरीत वाढलं.

मावशींच्या त्या प्रसंगानंतर मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली. पण माणसासमोर उभं राहिल्यावर आपोआप पाठ ताठ व्हावी, असं फार थोड्यांपुढे झालं. ताईंपुढे ते दर वेळी होई, आणि त्या मात्र विचारत असत, "संदीप, असा काय उभा राहिलास शाळेतल्यासारखा? बस."

मी पुढे नोकरी बदलली, कामगारांच्या राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या एका कंपनीत गेलो. ताईंची गाठ पडेनाशी झाली. वर्ल्डकप तोंडावर आला. रस्ते झाले, मेट्रो धावायला लागली, फाटकासमोरची धूळ खाली बसली. एका संध्याकाळी मी कामासाठी बिरकत अल अवामेरला गेलो होतो. तिथे कामगारांची मोठी वसाहत आहे. परतीची बस लागलेली, आणि आंघोळीच्या ब्लॉकमागच्या बॉयलर खोलीपाशी गर्दी दिसली. शिफ्टवरून आलेली माणसं, खांद्यावर टॉवेल, हातात बादल्या. बिहारी, नेपाळी, आपल्या मराठवाड्याकडची काही. गरम पाणी नव्हतं म्हणून खोळंबली होती. पण कुणी कुरकुरत नव्हतं. सगळे दारातून आत बघत होते.

मीही माना चुकवत पुढे गेलो. आत घरच्या बॉयलरपेक्षा कितीतरी मोठा, कपाटाएवढा बॉयलर. आणि त्याच्यापुढे जमिनीवर कूस टेकून हेमाताई आडव्या झालेल्या. केस बरेच पांढरे झाले होते. बर्नरच्या बारक्या भोकाला एक डोळा लावून त्या आत बघत होत्या.

"ताई," मी हाक मारली.

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. आतून जाळाचा भर्रर्र आवाज यायला लागला, तसे बाहेरचे दोघे-तिघे बादल्या उचलून नळाकडे निघाले. ताईंनी भोकावरचा डोळा न काढता डावा हात मागे वर केला. पंजा उघडा. ते जागच्या जागी थांबले.

बसवाल्यानं हॉर्न दिला. "यल्ला, यल्ला!" कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं. मला जावंच लागलं. बस वळताना मी खिडकीतून पाहिलं. दारातली गर्दी थोडी फाकली होती आणि त्या फटीतून ताई दिसत होत्या. जाळाचा उजेड त्या भोकातून येऊन त्यांच्या गालावर पडला होता, नाण्याएवढा, निळा. हात अजून वरच होता. ती सगळी दमलेली माणसं थंडीत, हातात रिकाम्या बादल्या घेऊन, त्या हाताकडे बघत शांत उभी होती.